हॉईल यांचे ‘भाकीत’ आणि गाळलेले आयसोस्पिन

१/ ‘माणूस आहे, त्याअर्थी कार्बनच्या अणुकेंद्रात अमुक ऊर्जापातळी असलीच पाहिजे,’ असे फ्रेड हॉईल यांनी १९५३ साली ताडले, ही कथा लोकप्रिय विज्ञानलेखनात वारंवार भेटते. हॉईल हे जयंत नारळीकरांचे गुरू. मराठी वाचकाला ती जवळची वाटणे स्वाभाविक आहे. इतिहास म्हणून मात्र ती टिकत नाही.

२/ हॉईल यांचा प्रश्न ताऱ्यांविषयी होता. तीन हेलियम केंद्रांपासून कार्बन घडतो, हे सालपीटर यांनी १९५२ मध्ये मांडले होते. पण त्या मंद गतीने घडलेला कार्बन आणखी एक हेलियम गिळून ऑक्सिजन होऊन जातो. विश्वातील कार्बन-ऑक्सिजनचे प्रमाण जुळायचे, तर ७.६८ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास अनुनाद हवा, असा तो हिशेब. १९५४ च्या त्यांच्या निबंधात जीवसृष्टीचा आधार कोठेही घेतलेला नाही. ‘मानवी तत्त्व’ ब्रँडन कार्टर यांनी मांडले ते १९७० च्या दशकात. ते या भाकिताला मागाहून चिकटवले गेले, हे हेल्गे क्राग यांनी २०१० मध्ये साधार दाखवले आहे.

३/ शिवाय ही पातळी काही शून्यातून अवतरली नाही. तिचा संकेत १९४० मध्येच मिळाला होता. पुढील मोजणीत ती दिसली नाही, म्हणून संशयित ठरली. कॅल्टेकमध्ये डनबार, पिक्सली, वेन्झेल आणि व्हेलिंग यांनी नायट्रोजनवर ड्यूटेरॉनांचा मारा करून ती पक्की केली. किती कथाकार ही चार नावे घेतात?

४/ सर्वांत मोठी गाळणूक पुढेच आहे. कार्बन घडणे पुरेसे नाही, तो उरलाही पाहिजे. ऑक्सिजन-१६ ची ७.१२ ची पातळी कार्बन-हेलियम संयोगाच्या ७.१६ च्या उंबरठ्याखाली जेमतेम राहते; अनुनाद थोडक्यात हुकतो.

५/ दुसरा अडसर आयसोस्पिनचा. प्रोटॉन व न्यूट्रॉन ही एकाच कणाची दोन रूपे, ही हायझेनबर्ग यांची १९३२ ची कल्पना. ऑक्सिजन-१६ मध्ये दोन्ही आठ-आठ. अशा केंद्रात शून्य आयसोस्पिनच्या दोन पातळ्यांमधील विद्युत-द्विध्रुव गॅमा उत्सर्जन निषिद्ध ठरते. प्रोटॉनांच्या परस्पर प्रतिकर्षणामुळे आयसोस्पिनची किंचित भेसळ होते. तेवढ्याच फटीतून ते घडते. त्यामुळे कार्बनचा ऑक्सिजन होणे मंदावते.

६/ हा नियम राडिकाटी, गेल-मान, तेलेग्दी प्रभृतींनी १९५२-५३ मध्येच मांडला. म्हणजे हॉईल कॅल्टेकमध्ये होते त्याच सुमारास. त्याला द्रष्टा नायक नाही, म्हणून कथेत जागाही नाही. आणि ज्यांचा गौरव करायचा, त्या हॉईल यांना ही कथा हिशेबी खगोलशास्त्रज्ञाचे भविष्यवेत्ते करून ठेवते.