सर्वांनीं लिहावयाचा ज्ञानकोश आणि वादाचे प्रश्न

गेल्या सत्रांत आमच्या शाळेंतील दहावीच्या वर्गांत एक वादविवाद ठेविला होता. विषय इतिहासांतील एका वादग्रस्त राजकीय प्रसंगाचा होता. एका विद्यार्थ्यानें आपल्या बाजूच्या पुष्ट्यर्थ विकिपीडियावरील एक वाक्य वाचून दाखविलें. त्यावर प्रतिपक्षाच्या विद्यार्थिनीनें त्याच लेखांतील, परंतु नेमकें उलट अर्थाचें वाक्य वाचलें. "तूं खोटें वाचतोस," "तूंच खोटें वाचतेस," असा गलका माजला. चौकशी करतां असें आढळलें कीं, दोघांनींहि प्रामाणिकपणें उतरून घेतलें होतें. मात्र एकानें सोमवारीं व दुसरीनें गुरुवारीं. मधल्या तीन दिवसांत वाक्यच बदललें होतें. मग खरें काय, असें मुलांनीं विचारलें तेव्हां आम्हांस तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं. तें आज येथें देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

विकिपीडियाचा आरंभ १५ जानेवारी २००१ रोजीं झाला. त्याची मराठी आवृत्ति १ मे २००३ पासून सुरू आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले, तेव्हां त्यांवर संपादकाचें नांव होतें, आणि चूक दिसल्यास जाब कोणास विचारावा हें वाचकास ठाऊक होतें. येथें मात्र वाचक तोच लेखक व तोच संपादक. कोणीहि यावें, लिहावें आणि दुसऱ्याचें लिहिलेलें पुसावें, अशी ही व्यवस्था आहे.

अशा व्यवस्थेंतून ज्ञान निपजेल कसें, अशी शंका येणें स्वाभाविक आहे. परंतु २००५ सालीं 'नेचर' या नियतकालिकानें शास्त्रीय विषयांवरील ४२ नोंदी तज्ज्ञांकडून तपासविल्या, तेव्हां विकिपीडियाच्या प्रत्येक नोंदींत सरासरी सुमारें चार, तर ब्रिटानिकाच्या नोंदींत सुमारें तीन चुका निघाल्या. ब्रिटानिकानें या तपासणीवर आक्षेप घेतला, हेंहि सांगितलें पाहिजे. तरीहि अंतर लोक समजत होते तितकें मोठें नव्हतें.

पण हे विषय शास्त्रीय होते. एखाद्या धातूचा वितळणबिंदु चुकीचा लिहिला गेला, तर ती चूक टिकावी असें कोणासहि वाटत नाहीं. दिसतांच कोणीतरी ती सुधारतो. राजकीय वादांत तसें नसतें. तेथें एकाची चूक तीच दुसऱ्याची श्रद्धा असते, आणि ती पानावर टिकावी म्हणून तो रात्रीचा दिवस करावयास तयार असतो. यावर विकिपीडियाचा नियम असा कीं, लेखानें स्वतः निवाडा देऊं नये. प्रत्येक पक्षाचें म्हणणें त्याच्या वजनाप्रमाणें मांडावें व आधार दाखवावा. नियम उत्तम आहे. परंतु तराजू कोणाच्या हातीं आहे, यावर सारें अवलंबून राहतें.

२०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत असें दिसून आलें कीं, ज्या लेखांवर परस्परविरुद्ध राजकीय मतांचे संपादक एकत्र राबतात, ते लेख एकाच मताच्या लोकांनीं लिहिलेल्या लेखांहून सामान्यतः अधिक सरस उतरतात. म्हणजे भांडण हा येथें दोष नसून तेंच राखणदार आहे. जेथें भांडावयास दुसरा उरत नाहीं, तेथें खरा धोका.

क्रोएशियन भाषेंतील विकिपीडिया हें याचें ठळक उदाहरण होय. सुमारें २०११ पासून जवळजवळ एक दशक तिचे अधिकार उग्र राष्ट्रवादी विचाराच्या एका लहान गटाच्या हातीं राहिले. दुसऱ्या महायुद्धांत तेथील उस्ताशा राजवटीनें यासेनोवात्स येथें मृत्युछावणी चालविली. तेथील स्मारकाच्या यादींत ८३,००० हून अधिक बळींचीं नांवें आहेत. या ज्ञानकोशांत मात्र तिचें वर्णन माणसें गोळा करण्याची व कामाची छावणी, असें सौम्य शब्दांत येऊं लागलें. हरकत घेणारांवर संपादनाची बंदी येई. २०१३ सालीं क्रोएशियाच्या शिक्षणमंत्र्यांनींच विद्यार्थ्यांस तो न वापरण्याचा सल्ला दिला. २०२० च्या सुमारास त्या गटाची सत्ता संपली, व २०२१ मध्यें विकिमीडिया फाउंडेशननें या प्रकाराचा अहवाल प्रसिद्ध केला. मेलेल्यांस न्याय मिळावयाचा तो शब्दांतूनच. तो शब्दच कोणी पुसला तर त्यांची बाजू कोण मांडणार?

भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेंहि २०२३ सालीं, अशा लोकलिखित साधनांवर सर्वस्वीं विसंबूं नये, असें बजाविलें आहे. तर मग मुलांस त्याची बंदी करावी काय? आमचें मत तसें नाहीं. छापील पुस्तकहि पक्षपाती असूं शकतें. भेद इतकाच कीं, पुस्तक आपलें भांडण झांकतें आणि विकिपीडिया तें उघडें ठेवतो. प्रत्येक लेखास 'इतिहास' व 'चर्चा' अशीं दोन पानें जोडलेलीं असतात. कोणीं केव्हां काय बदललें आणि कां, हें तेथें दिसतें. वादाच्या विषयांत लेखाआधीं हीं दोन पानें वाचावीं. मग वाक्याखालील आधार उघडावा. कोणत्या दिवशींचा मजकूर उतरला, तेंहि वहींत लिहावें.

आमच्या त्या दोघां विद्यार्थ्यांनीं पुढच्या आठवड्यांत हेंच केलें. एकाच्या वाक्याचा आधार वर्तमानपत्रांतील एका मतलेखाशीं जाऊन थांबला. दुसरीच्या वाक्याचा आधार आमच्याच ग्रंथालयांतील एका पुस्तकांत निघाला. पण तें पुस्तक तिच्या वाक्याइतकें ठामपणें बोलत नव्हतें! दोघेहि थोडे खजील झाले, आणि दोघेहि पूर्वीपेक्षां शहाणे झाले.

पालकवर्गास आमची विनंती इतकीच कीं, "इंटरनेटवर लिहिलें आहे" एवढ्यावर घरांतील वाद मिटवूं नये, मुलास "कोणीं लिहिलें, कशाच्या आधारें?" हें विचारावें. आणि विद्यार्थ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, मराठी आवृत्तींत लिहिणारे इंग्रजीच्या मानानें फार थोडे आहेत. जेथें हात थोडे, तेथें एका हाताची सत्ता चालणें सोपें. मोठे व्हाल तेव्हां केवळ वाचक राहूं नका. आधार घेऊन लिहा, आणि विरुद्ध मताच्या माणसास त्याच पानावर जागा द्या.