पसारा होऊ द्या

सुट्टी लागली की मुलांच्या हाती काय द्यायचं, हा प्रश्न आपल्या घरांत ठरलेल्या पद्धतीने सुटतो. मुलाला मोबाईल नाहीतर बॅट, मुलीला मेहंदीचा कोन आणि अम्मीला मदत. मेहंदी सुंदर कला आहेच. पण ती दोघांनी शिकावी आणि स्क्रू ड्रायव्हरही दोघांनी हाताळावा, असं मला वाटतं.

त्यासाठी महागडं किट लागत नाही. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, २०१८चे पद्मश्री अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या आयुकातल्या विज्ञान केंद्रात टाकाऊ वस्तूंपासून कितीतरी खेळणी केली. त्यांचाच एक खेळ घ्या. आगकाड्यांचं गुल खरवडून टाका. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे सेंटिमीटरभर तुकडे कापा आणि त्यांत काड्यांची टोकं खोचून आधी चौकोन, मग त्रिकोण करा. आता बोटाने दाबा. चौकोन तिरपा होतो, त्रिकोण आकार सोडत नाही. लोखंडी पुलात, विजेच्या मनोऱ्यात एवढे त्रिकोण का असतात, ते मुलांना स्वतःच्या हातांनी कळतं.

मात्र उत्तर आधी सांगू नका. सॉफ्टवेअरमधलं माझं रोजचं कामही हेच आहे: करून पाहायचं, कुठे बिघडलं ते शोधायचं, पुन्हा करायचं. ही सवय क्लासची फी भरून मिळत नाही, ती घरात लागते.

तेव्हा थोरल्या भावंडांनो, येत्या सुट्टीतली एक दुपार धाकट्यांना द्या. पसारा होईल, होऊ द्या. फक्त तो आवरायला एकट्या बहिणीला बसवू नका.