विद्यापीठाची भाषा आणि तिची किंमत

विद्यापीठ ‘आंतरराष्ट्रीय’ झाले असे म्हटले जाते, तेव्हा बहुधा दोन गोष्टी अभिप्रेत असतात : अध्यापकवर्गात निरनिराळ्या देशांची माणसे आली आणि व्यवहाराची भाषा इंग्रजी झाली. पहिली गोष्ट घडली की दुसरी घडलीच पाहिजे, असे गृहीत धरले जाते. परंतु भाषा बदलण्याला किंमत पडते; आणि अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने विचारावयाचा पहिला प्रश्न असा, की ती किंमत चुकवतो कोण?

इटलीत मिलान येथील पॉलिटेक्निको ही अभियांत्रिकी व वास्तुशास्त्राची नामांकित संस्था. पदव्युत्तर आणि डॉक्टरेटचे सर्व अध्यापन २०१४ पासून केवळ इंग्रजीतून व्हावे, असा निर्णय तिच्या विद्वत्सभेने २०१२ मध्ये घेतला. जगभरचे विद्यार्थी यावेत, हा हेतू मुळीच वाईट नव्हता. तरीही संस्थेतील शंभराच्या आसपास अध्यापक न्यायालयात गेले. प्रकरण घटना न्यायालयापर्यंत पोहोचले. २०१७ मध्ये त्याचा निवाडा झाला आणि त्याच्याच आधारे सर्वोच्च प्रशासकीय न्यायसंस्थेने २०१८ मध्ये अध्यापकांच्या बाजूने निर्णय दिला.

घटना न्यायालयाने इंग्रजीला मज्जाव केला नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. इटालियनच्या जोडीने इंग्रजी अभ्यासक्रम चालविण्यास त्याची हरकत नव्हती. हरकत होती ती संपूर्ण अभ्यासक्रम सरसकट परकीय भाषेत नेण्यास. अध्यापकाची निवड त्याच्या विषयज्ञानावर होते. पुढे तासांची वाटणी मात्र निवडीच्या वेळी न तपासलेल्या भाषिक कौशल्यावर होऊ लागली, तर तो अध्यापनस्वातंत्र्याचा संकोच होय, असे न्यायालयाचे म्हणणे.

येथवर वाचून स्वभाषेचे अभिमानी सुखावतील. परंतु त्याच इटलीचे दुसरे चित्रही पाहिले पाहिजे. तेथील विद्यापीठांत परकीय भाषा शिकविणारे ‘लेत्तोरी’ नावाचे अध्यापक असतात. त्यांतील पुष्कळ जण अन्य देशांतून आलेले. १९८० च्या कायद्याने त्यांना एकेका वर्षाच्या करारावर ठेवले आणि नूतनीकरणास पाच वर्षांची मर्यादा घातली. व्हेनिस विद्यापीठातील पिलार आयुए या स्पॅनिश अध्यापिका व त्यांच्या एका सहकारी यांच्या दाव्यात युरोपीय न्यायालयाने १९८९ मध्ये ही मर्यादा भेदभावाची ठरविली. त्यानंतर सेवाज्येष्ठतेच्या हक्कांसाठी २००१ आणि २००६ मध्ये इटलीविरुद्ध निर्णय झाले. आणि २०२३ मध्ये युरोपीय आयोगाने हे प्रकरण पुन्हा न्यायालयात नेण्याचे ठरविले. ज्यांच्या मातृभाषेची विद्यापीठाला गरज होती, त्यांनाच विद्यापीठाने उंबरठ्यावर ताटकळत ठेवले.

मग परदेशी अध्यापकाकडून स्थानिक भाषेची अपेक्षाच करू नये काय? तसेही नाही. डब्लिनमधील एका महाविद्यालयात अनिता ग्रूनर या डच अध्यापिकेला आयरिश भाषेच्या तोंडी परीक्षेत अपयश आल्यामुळे कायम नेमणूक नाकारली गेली. त्यांचे अध्यापन मुख्यतः इंग्रजीतूनच व्हावयाचे होते. तरीही राष्ट्रभाषेच्या संवर्धनासाठी अशी अट घालता येते, असे युरोपीय न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले. मात्र ती प्रमाणाबाहेर नसावी आणि तिच्या अंमलबजावणीत भेदभाव नसावा, अशी मर्यादा घातली.

या तीन प्रकरणांतून निष्पन्न होणारे सूत्र एकच. भाषेचे रक्षण आणि परक्याला समान वागणूक या परस्परविरोधी गोष्टी नव्हेत. दोहोंचा खर्च संस्थेने उचलावयाचा असतो. एकच भाषा ठेवली की पैसा वाचतो, हा युक्तिवाद फसवा आहे. तो खर्च वाचत नाही, केवळ जमाखर्चाच्या वहीतून नाहीसा होतो आणि माणसांच्या माथी बसतो : रात्री जागून परभाषेत टिपणे काढणाऱ्या प्राध्यापकाच्या, दोन भाषांत पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या कारकुनाच्या आणि सभेतली भाषा न कळल्यामुळे मुकाट बसणाऱ्या पाहुण्या सहकाऱ्याच्या.

हा विचार आपल्याला दूरचा नाही. २०२३ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमावलीने परदेशी विद्यापीठांना भारतात शाखा उघडण्याची वाट मोकळी केली आणि २०२५ मध्ये नवी मुंबईसाठी पाच विद्यापीठांना इरादापत्रे देण्यात आली. अशा ठिकाणी इंग्रजी राहणारच. पण कोणत्या पदाला कोणती भाषा व किती लागेल हे जाहिरातीतच सांगावे. भाषा शिकण्याचे तास कामाच्या तासांत धरावेत. इंग्रजीत अडखळणाऱ्या मराठी कर्मचाऱ्याला आणि मराठी न येणाऱ्या परदेशी अध्यापकाला एकाच न्यायाने वागवावे. एवढे करण्याची ज्या संस्थेची तयारी नाही, तिने ‘आंतरराष्ट्रीय’ हे बिरुद मिरवू नये.