दुकानाचा उंबरठा आणि बालकाचे घर

बालकाचे आरोग्य म्हटले की लसीकरण, पोषण आणि ऋतुमानाचे आजार यांचा विचार प्रथम मनात येतो. ज्या घरात ते बालक रात्रंदिवस वावरते त्या घराची जमीन, भिंती, कोनाडे आणि स्वयंपाकघरातील डबे यांचा विचार त्या मानाने क्वचितच होतो. वस्तुतः रांगते मूल घराला जितक्या जवळून ओळखते तितके मोठे माणूस ओळखत नाही. ते जमिनीलगत श्वास घेते, हाती लागेल ते तोंडात घालते आणि त्याचे वजन अल्प असल्याने विषाची थोडी मात्राही त्याला पुरेशी ठरते. मोठ्यांच्या अंगवळणी पडलेली वस्तू बालकाच्या जिवावर बेतते ती यामुळेच.

अमरावती–नागपूर महामार्गावरील तिवसा हे कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या मुलखातील तालुक्याचे गाव. पावसाळ्यात या भागातील असंख्य घरांत फवारणीच्या बाटल्या येतात. त्या आढ्याला अडकवल्या जातात, खाटेखाली सरकवल्या जातात, कधी धान्याच्या कोठीशेजारी ठेवल्या जातात. बोलीभाषेत त्या द्रवाला ‘औषध’ असेच म्हणतात. मोठ्यांना त्या शब्दाचा अर्थ ठाऊक असतो. तीन वर्षांच्या बालकाला तो शब्दशः खरा वाटतो. रिकाम्या बाटलीत पाणी किंवा तेल भरले गेले, फवारणीचे कपडे बाळाच्या दुपट्यांसोबत धुतले गेले, की शेतातील विष माजघरात पोहोचते.

या विषाची तीव्रता वऱ्हाडाने पाहिलेली आहे. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. शासनाने विशेष चौकशी पथक नेमले. हातमोजे, मुखपट्टी, वाऱ्याची दिशा यांविषयी पुष्कळ चर्चा झाली. ती आवश्यकच होती. परंतु फवारणी संपल्यावर उरलेली अर्धी बाटली कोठे जाते, हा प्रश्न त्या चर्चेत मागे राहिला.

कायद्याने या प्रश्नाचा अर्धा भाग सोडवलेला आहे. १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम यांनुसार, खाद्यपदार्थ ठेवले वा विकले जातात त्या जागेत शेतीची कीटकनाशके साठवता येत नाहीत. प्रत्येक डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण छापणे बंधनकारक आहे. लाल म्हणजे अतिजहाल. दुकानदाराने हे नियम पाळले नाहीत तर त्याचा परवाना धोक्यात येतो. मात्र बाटली दुकानाचा उंबरठा ओलांडून ग्राहकाच्या एकखणी घरात गेली की तीच वस्तू ज्वारीच्या पोत्याला टेकून उभी राहते आणि तेथे कोणी निरीक्षक येत नाही. कायदा जेथे थांबतो तेथूनच बालकाचे घर सुरू होते.

व्यापारी कुटुंबांची घरेही या धोक्यापासून दूर नाहीत. खाली दुकान किंवा गोदाम आणि वर बिऱ्हाड, ही रचना तालुक्याच्या गावी सर्रास आढळते. धान्याला कीड लागू नये म्हणून ठेवल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या हवेतील ओलाव्याशी संयोग पावून फॉस्फिन वायू सोडतात. हा वायू फटींतून, जिन्यातून शेजारच्या खोलीत शिरतो आणि झोपलेल्या बालकाला त्याची जाणीवही होत नाही. त्यावर खात्रीशीर उतारा उपलब्ध नाही. म्हणून ज्या इमारतीत माणसे झोपतात त्या इमारतीत या गोळ्या असू नयेत, याला दुसरा पर्याय नाही.

दुसरे विष याहून शांत आहे, ते म्हणजे शिसे. जुन्या रंगाच्या पोपड्यांत, दारा-खिडक्यांच्या तैलरंगात, काही सुरम्यांत आणि भेसळीच्या मसाल्यांत ते असते. बालकाच्या शरीरात ते मोठ्यांच्या तुलनेत चार ते पाच पट अधिक शोषले जाते आणि आहारात लोह व कॅल्शियम कमी असेल तर शोषण आणखी वाढते. त्यातून बुद्धी, एकाग्रता आणि वर्तन यांची जी हानी होते ती बहुधा भरून येत नाही. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतात २००० पासून पेट्रोल शिसेमुक्त झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग इतकी ठरली. तरीही त्यापूर्वी रंगवलेली दारे, पाळणे आणि कपाटे आजही घराघरांत आहेत. ती कोरडी खरवडली की धूळ उडते आणि तीच धूळ रांगणाऱ्या हातांना लागते. अशा वेळी पृष्ठभाग ओला करून खरवडावा, काम चालू असताना मुलांना व गर्भवतींना दूर ठेवावे आणि नंतर जमीन झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी.

असे विष समाजाच्या घरांतून प्रत्यक्ष हटवता येते, याचे उत्तम उदाहरण बांगलादेशात आहे. तेथे हळकुंडांना तेजस्वी पिवळा रंग यावा म्हणून शिसे-क्रोमेट लावण्याची रीत अनेक वर्षे चालू होती. गर्भवतींच्या रक्तातील शिशाचा माग काढीत संशोधक या हळदीपर्यंत पोहोचले. २०१९ मध्ये तेथील अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बाजारांत सूचना लावल्या, ढाक्याच्या घाऊक बाजारात तपासणी केली आणि दोषी विक्रेत्यांना दंड केला. २०१९ मध्ये बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत शिसे आढळत होते. २०२१ मध्ये ते प्रमाण शून्यावर आले. लाखो मातांनी प्रत्येक चिमूट हळद पारखून घ्यावी, अशी अपेक्षा या कार्यक्रमाने ठेवली नाही. मोजक्या घाऊक व्यापाऱ्यांपाशी विष थांबले आणि लाखो स्वयंपाकघरे सुरक्षित झाली. वायगावची हळद ज्या परिसराची ओळख आहे, त्या वर्धा-अमरावतीच्या व्यापाऱ्यांना या घटनेचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

तिवसा तालुक्यात अशा कार्यक्रमासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. आशा सेविका लहान बाळांच्या घरी ठरावीक महिन्यांनी जातेच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. गावोगावी ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समित्या आहेत. वजन आणि लस यांच्या नोंदीसोबत ‘फवारणीची बाटली कोठे ठेवली आहे?’ एवढा एक प्रश्न विचारला गेला आणि पुढच्या भेटीत ती जागा बदलली की नाही हे पाहिले गेले, तर कार्यक्रमाचे निम्मे काम होते. उरलेले निम्मे काम दुकानात होते. कृषी केंद्राच्या मालकाने बाटली देताना त्रिकोणाचा अर्थ सांगणे, घरात लहान मूल आहे का हे विचारणे, गरजेपुरताच माल देणे आणि कुलूपबंद पेटी सुचवणे याला दोन मिनिटे लागतात. रंगाच्या दुकानदाराने शिशाचा उल्लेख पाहूनच डबा मागवावा. किराणा व्यापाऱ्याने हळदीचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा.

याच तालुक्यातील मोझरी येथून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामस्वच्छतेचा आग्रह धरला आणि याच जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी हाती खराटा घेतला. त्यांच्या खराट्याने दिसणारी घाण दूर झाली. आजच्या पिढीपुढे न दिसणारी घाण आहे. ती झाडता येत नाही, तिला घरात शिरण्याआधीच अडवावे लागते.

अपघात घडलाच तर बालकाला उलटी करवू नये, दूध किंवा मीठपाणी पाजू नये. विष अंगावर सांडले असल्यास कपडे काढून त्वचा साबणाने धुवावी, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि बाटली तिच्या वेष्टनासह डॉक्टरांकडे न्यावी.

श्रावकाचाराने पंधरा कर्मादानांत विषवाणिज्याची गणना केली, ती विषाचा परिणाम विकणाऱ्याच्या दृष्टीआड घडतो हे जाणूनच केली असावी. आज शेती, साठवण आणि बांधकाम यांच्या गरजेने अशा वस्तू अनेक दुकानांतून विकल्या जातात. विक्रीची नोंद वहीत पूर्ण होते. त्या वस्तूचा प्रवास मात्र ग्राहकाच्या घरी, एखाद्या बालकाच्या हाताच्या अंतरावर संपतो. तेवढे अंतर लक्षात ठेवून जो व्यापारी माल देतो, त्याच्या दुकानातून त्या घराचे रक्षणही होते.