घरपट्टीची वही भाडेकरूलाही खुली आहे

घरपट्टी वाढली की घरमालक ओरडतो. त्याची ओरड वर्तमानपत्रांत छापून येते, त्याची संघटना न्यायालयात जाते. पण हीच घरपट्टी ज्याच्या भाडेपावतीत हळूच येऊन बसते, तो भाडेकरू गप्प राहतो. शिवाजी पार्कच्या मैदानाभोवतालच्या आणि तिथून नायगाव-परळपर्यंतच्या पागडीच्या इमारतींत हेच चालले आहे.

मुंबईत २०१० पर्यंत घरपट्टी करयोग्य मूल्यावर, म्हणजे वर्षाला मिळू शकणाऱ्या भाड्यातून दहा टक्के वजा करून, ठरत असे. भाडे कायद्याने बांधलेले असेल तर त्याहून जास्त भाडे गृहीत धरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली दिवाण दौलतराय कपूर खटल्यात सांगितले होते. जुन्या भाडेकरूला त्याचा आधार होता. १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्याची पद्धत आली. आता रेडी रेकनरचा दर, चटईक्षेत्र, वापर, बांधकामाचा प्रकार आणि इमारतीचे वय यांवर हिशोब होतो. शिवाजी पार्कचा दर काय असतो हे सांगायला नको! ज्या दोन खोल्या भाडेकरू विकू शकत नाही, त्यांना विक्रीचा भाव लावायचा, असा हा न्याय आहे. वर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने वाढीव स्थानिक कर भाडेकरूकडून वसूल करण्याची मुभा मालकाला दिलेली आहे. मग आकारणी चुकली तर भुर्दंड कोणाला?

१८८८ च्या महापालिका कायद्यात एक तरतूद आहे, जिच्याकडे आपली माणसे फिरकत नाहीत. आपल्या जागेची करनिर्धारण वहीतली नोंद पाहण्याचा आणि तिचा उतारा घेण्याचा हक्क मालकाइतकाच भोगवटादारालाही आहे, तोही विनामूल्य. चटईक्षेत्र जास्त लिहिले आहे काय? राहत्या खोलीपुढे दुकानाचा वापर दाखवला आहे काय? इमारत साठ-सत्तर वर्षे जुनी असताना वय कमी धरले आहे काय? एका रकान्यातली चूक वर्षानुवर्षे पैसे खाते. नोटिशीतल्या मुदतीत आयुक्तांच्या नावे लेखी तक्रार द्यावी, सुनावणी मागावी. त्याला वकील लागत नाही, अर्ज आणि झेरॉक्स लागते.

ही पायरी चुकवू नये, कारण पुढची महाग आहे. धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयात अपील करता येते, पण आधी तक्रार केलेली हवी आणि कराची रक्कम महापालिकेकडे भरलेली हवी. आधी पैसे, मग सुनावणी. बंगलेवाल्याला हे परवडते, गिरणी बंद पडलेल्या कामगाराच्या मुलाला परवडत नाही. ही अट गरिबाच्या तोंडावर दार बंद करते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नियम चुकीचे असू शकतात, हे मालमत्ताधारकांच्या संघटनेने सिद्ध करून दाखवले. भांडवली मूल्याचे २०, २१ व २२ हे नियम मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केले आणि ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. उद्या होऊ शकेल अशा बांधकामावर आज कर नाही. धनिकांनी आपला लढा लढला. आपला कोण लढणार?

पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. दोन खोल्यांच्या भाडेकरूने मालकाकडे बिलाची प्रत मागावी. कर माफ असूनही पावतीत तो लावला जात असेल, तर कशाच्या आधारावर, हे लेखी विचारावे.

याच १८८८ च्या कायद्याने एकेकाळी महापालिकेचे मत करदात्यांपुरते ठेवले होते. बिनमालमत्तेच्या माणसाला, त्याच्या वस्तीला, महापालिकेत आवाज नव्हता. प्रौढ मताधिकाराने निवडणूक झाली ती १९४८ मध्ये. मत मिळाले, पण वही अजून मालकाच्याच हाती आहे.

म्हणून मागणी अशी, की आकारणी बदलली की नोटिशीची प्रत इमारतीच्या दारावर मराठीत लागावी, खोलीनिहाय क्षेत्र आणि वापरासह. तोवर चाळ कमिट्यांनी आणि आपल्या मंडळांनी एक रविवार काढून घरोघरची मापे घ्यावीत, भाडेपावत्या गोळा कराव्यात आणि सोमवारी जी-उत्तर विभागाच्या करनिर्धारण खात्यात जाऊन वही मागावी.