हवेतली देवी शोधण्याआधी

भारतात देवीचा अखेरचा रुग्ण १९७५ साली आढळला आणि १९८० मध्ये हा रोग जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. तरीही त्याचा विषाणू अटलांटा व रशियातील कोल्त्सोवो येथील प्रयोगशाळांत अधिकृतपणे जतन केलेला आहे. जैविक हल्ल्याच्या चर्चेत त्याचे नाव अग्रभागी असते ते यामुळेच. असा विषाणू हवेतच टिपणारी यंत्रे महानगरांत बसवावीत, ही कल्पना आकर्षक आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. लागण झाल्यावर लक्षणे दिसायला साधारण दोन आठवडे लागतात. पहिल्या तीन-चार दिवसांत लस मिळाली, तर रोग टळू शकतो.

अडचण गणिताची आहे. समजा, देशभर ६०० यंत्रे बसवली, प्रत्येकाच्या नमुन्याची रोज एक चाचणी केली आणि ती हजारात एकदाच चुकली. वर्षाला २,१९,००० चाचण्या होतील आणि सुमारे २१९ खोटे इशारे मिळतील. खरा हल्ला बहुधा एकही नसेल. जवळपास दिवसाआड वाजणाऱ्या घंटेकडे तिसऱ्या महिन्यात कोण धावेल? अमेरिकेने २००३ पासून ‘बायोवॉच’ ही अशीच यंत्रणा चालवली. २०१४ पर्यंत तिने १४९ वेळा इशारा दिला. एकाचाही संबंध हल्ल्याशी नव्हता. यंत्रे बिघडलेली होती असेही नव्हे. निसर्गात मुळातच वावरणारे जिवाणू आणि त्यांचे भाऊबंद ती टिपत होती.

भारतात तर हे भाऊबंद गोठ्यातच आहेत. म्हशींच्या कासेवर आणि धार काढणाऱ्यांच्या हातांवर फोड आणणारा विषाणू देवीच्याच कुळातला; महाराष्ट्रातही त्याच्या साथी नोंदल्या गेल्या आहेत. केवळ कूळ ओळखणारी चाचणी येथे फसेल.

त्यापेक्षा पैसा सांडपाण्याच्या तपासणीवर खर्च व्हावा. मुंबईत २००१ पासून सांडपाण्यात पोलिओचा शोध घेतला जातो. कोविडकाळात बंगळुरू, हैदराबाद येथेही हीच वाट धरली गेली. २०२२ मध्ये परदेशांत मंकीपॉक्सचा मागही असाच लागला. एका नमुन्यात हजारो माणसांची खबर असते आणि रोजच्या रोगांमुळे प्रयोगशाळेतले हात सरावात राहतात. मात्र माणसे आजारी पडू लागल्यावरच ही खबर मिळते. शिवाय भुयारी गटारे नसलेल्या वस्त्यांत ही पद्धत आंधळी ठरते. तेथे पहिला संवेदक म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर. देवीचा रुग्ण त्याने कधी पाहिलेला नाही. तळहातांवर व चेहऱ्यावर दाटणारे ते फोड कांजिण्यांपासून वेगळे ओळखायला त्याला कोणी शिकवले आहे का, हे आधी विचारायला हवे.