कमाईची गाडी : धुता येणारा एअर फिल्टर



आपल्या वस्त्यांत मोटारसायकल आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. कोणी तिच्यावर घरपोच माल पोचवतो, कोणी विम्याचे हप्ते गोळा करतो, कोणी तालुक्याच्या कचेरीत जातो. बहुतेक गाड्या कर्जाच्या. इंजिनाचे काम निघाले की गाडीही बंद, कमाईही बंद. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून आज एअर फिल्टरविषयी लिहितो.

एक लिटर पेट्रोल जळायला इंजिनाला सुमारे ९ हजार लिटर हवा लागते. तेवढी हवा धुळीसकट फिल्टरवर येते. रस्त्यावरची धूळ म्हणजे बारीक वाळूच. ती आत गेली की पिस्टन, रिंगा आणि सिलिंडर पॉलिश-कागदासारखे घासले जातात.

कंपनीतून येणारा फिल्टर बहुधा कागदाचा असतो. तो धुवायचा नसतो, ठरल्या वेळी बदलायचा असतो. काही तरुण त्याच्या जागी बाजारातला धुता येणारा सुती फिल्टर बसवतात. अमेरिकेतल्या के अँड एन कंपनीमुळे हा प्रकार जगभर माहीत झाला. आता तसे इतरही मिळतात. सुती जाळीदार कापडाचे थर, दोन्ही बाजूंनी तारेची जाळी आणि कापडात मुरलेले खास तेल, अशी त्याची रचना. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीला त्याने पिकअप फार वाढेल अशी आशा धरू नये. खरा फायदा एवढाच की तो पुन्हा पुन्हा वापरता येतो. गाडी हमीच्या मुदतीत असेल तर कंपनीचाच फिल्टर ठेवावा.

या फिल्टरमध्ये धूळ धरून ठेवण्याचे मोठे काम तेल करते. कापडाची छिद्रे मोठी असतात. तेल उडाले की धूळ सरळ आत जाते. फिल्टर कोंडला तर लगेच कळते : पिकअप मरतो, कार्बोरेटरच्या गाडीत काळा धूर येतो, प्लग काजळतो. तेल नसलेला फिल्टर मात्र काहीच सांगत नाही. उलट गाडी मोकळी पळते असे वाटते. निळसर धूर येऊ लागतो आणि इंजिन ऑइल कमी होऊ लागते, तेव्हा सिलिंडर झिजलेला असतो.

साफ करण्याची रीत अशी :

१) इंजिन थंड झाल्यावर फिल्टर काढा. उघड्या तोंडावर स्वच्छ फडके लावा आणि फिल्टरची पेटी आतून पुसून घ्या.

२) फिल्टर हलके झटका, मऊ ब्रशने वरची धूळ काढा.

३) या फिल्टरसाठीच मिळणारे धुण्याचे द्रावण दोन्ही बाजूंनी मारा. दहा मिनिटे मुरू द्या, पण वाळू देऊ नका. पेट्रोल, रॉकेल वापरू नका. रबर आणि कापड खराब होते, शिवाय घरात आगीचा धोका.

४) नळाच्या हलक्या धारेने आतल्या, म्हणजे स्वच्छ बाजूने बाहेर पाणी सोडा. उलट धरला तर घाण कापडात रुतते.

५) पाणी झटकून सावलीत वाळू द्या. गॅरेजात हवा मारून किंवा शेगडीजवळ धरून घाई करू नका, कापड फाटते. पावसाळ्यात पूर्ण दिवस लागू शकतो, म्हणून सुट्टीचा दिवस निवडा.

६) पूर्ण वाळल्यावरच फिल्टरचे तेल प्रत्येक घडीवर पातळ लावा. इंजिन ऑइल चालत नाही. वीस मिनिटांनी पाहा : रंग सगळीकडे सारखा हवा. फिकट जागी थोडे तेल द्या. टपकेल इतके तेल लावले तर ते आत ओढले जाते.

७) फडके काढून फिल्टर बसवा. रबराची कड चारी बाजूंनी नीट बसली नाही तर सारी मेहनत वाया जाते.

कोरड्या जातीचा फिल्टर असेल तर त्याला तेल लावत नाहीत. म्हणून आपला प्रकार कोणता, ते आधी खोक्यावर वाचा.

फिल्टर केव्हा उघडावा? गाव आणि रस्ता पाहून ठरवा. खडीच्या किंवा कच्च्या रस्त्यावर रोज जाणाऱ्याने महिन्यातून एकदा पाहावा. पौर्णिमेनंतरचा रविवार ठरवून ठेवला तर विसर पडत नाही. विजयादशमीला दीक्षाभूमी, ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा-कोरेगाव असा लांबचा प्रवास गाडीने झाला, तर परतल्यावर अवश्य पाहावा. पाहिला म्हणजे धुतलाच पाहिजे असे नाही. जाळी दिसेनाशी झाली किंवा तेलाचा रंग उडाला तर धुवा. धम्मवंदनेत आपण 'एहिपस्सिको' म्हणतो : या आणि स्वतः पाहा. गॅरेजवाला सांगतो म्हणून किंवा मित्राने लावला म्हणून नव्हे, उजेडात धरून स्वतः पाहून ठरवावे.

शेवटी हिशेब. द्रावण आणि तेलाचा संच एका गाडीसाठी महाग वाटतो, पण एक संच अनेकदा पुरतो. चार-पाच जणांनी वर्गणी काढून तो घ्यावा. विहाराच्या अंगणात एका रविवारी जाणत्या मेकॅनिकला बोलवावे आणि मुला-मुलींनी स्वतःच्या हाताने हे काम शिकावे. आपल्यातले कित्येक तरुण गॅरेजात राबतात. तेलाने काळे झालेले हात ही हुन्नराची खूण आहे. तिला कोणी कमी लेखू नये. अशा एका रविवारी त्या मुलांना शिक्षक म्हणून पुढे बसवावे.

पुढील अंकी : चेन आणि तिचा ताण.

जय भीम!